मध हवा, पण टाके उसवल्यावर

सिझेरियन झालेली बाई परळच्या किंवा सायनच्या रुग्णालयातून घरी निघते तेव्हा तिच्या कुशीत बाळ असतं, नवऱ्याच्या हातात गोळ्यांची पिशवी असते आणि टाक्यांची काळजी कशी घ्यायची याबद्दल डिस्चार्ज कार्डावर जेमतेम एक ओळ असते, तीही बहुधा इंग्रजीत. पुढचं घरी ठरतं. सासू हळद सांगते, शेजारीण खोबरेल सांगते आणि हल्ली मोबाइलवर आलेला व्हिडिओ मध सांगतो. पंचामृतात चालतो तो मध जखमेला काय बाधणार, असं म्हणून चमचाभर मध टाक्यांवर लागतोही. दुसरीकडे बाजारात निर्जंतुक मधाच्या ट्यूब आणि मधात भिजवलेल्या पट्ट्या मिळतात आणि शस्त्रक्रियेनंतरचा संसर्ग टाळण्यासाठी त्या सरसकट वापराव्यात, असा आग्रह धरला जातो. मुंबई महापालिकेच्या रुग्णालयांनी हा मध घ्यावा का, हा प्रश्न त्यामुळे आता टाळण्यासारखा राहिलेला नाही.

घ्यावा, असं आमचं स्पष्ट मत आहे. पण तो ठेवायचा पू झालेल्या, उसवलेल्या, उघड्या जखमांसाठी. नीट शिवलेल्या कोरड्या टाक्यांवर ‘पू होऊ नये म्हणून’ मध लावण्यात महापालिकेचा एक रुपयाही जाऊ नये. मध दोन्हीकडे तोच असला, तरी त्याचं काम ज्या गोष्टीवर चालतं ती एका जखमेत असते आणि दुसरीत नसते.

मधात साधारण ८० टक्के साखर असते, मुख्यतः फ्रुक्टोज आणि ग्लुकोज, आणि १७-१८ टक्के पाणी. इतक्या घट्ट पाकात जंतूला वाढायला मोकळं पाणी मिळत नाही. त्याच्या पेशीतलंच पाणी बाहेर ओढलं जातं. मुरांबा वर्षभर टिकतो तो याच कारणाने. शिवाय मध आम्लधर्मी असतो, पीएच ३.२ ते ४.५. पण खरी गंमत तिसऱ्या गोष्टीत आहे. मधमाशी मकरंदात ग्लुकोज ऑक्सिडेज नावाचं एन्झाइम मिसळते. घट्ट मधात ते जवळपास निष्क्रिय असतं. जखमेतल्या स्रावाने मध पातळ झाला की ते कामाला लागतं आणि ग्लुकोजपासून थोडं थोडं हायड्रोजन पेरॉक्साइड तयार करत राहतं. ड्रेसिंगच्या खोलीत जी ३ टक्क्यांची पेरॉक्साइडची बाटली असते, तिच्या साधारण हजाराव्या भागाइतकं. बाटलीतलं पेरॉक्साइड फसफसून मिनिटाभरात संपतं आणि नव्या पेशींनाही इजा करतं. मधातलं तासन् तास झिरपत राहतं आणि मांसाला जाळत नाही.

न्यूझीलंडकडच्या मानुका झुडपाच्या फुलांपासून मिळणाऱ्या मधाची तऱ्हा जरा वेगळी आहे. त्यात पेरॉक्साइडशिवायही जंतू मारण्याची ताकद असते, हे न्यूझीलंडच्या वायकाटो विद्यापीठातले पीटर मोलन वर्षानुवर्षं सांगत होते. ती ताकद मिथाइलग्लायोक्सल या रसायनातून येते, हे २००८ मध्ये जर्मनीतल्या ड्रेस्डेनच्या संशोधकांनी दाखवलं. म्हणून मानुका महाग. पण तोही जंतूपर्यंत पोचला तरच उपयोगाचा.

आता शिवलेल्या टाक्यांकडे पाहा. कातडीच्या कडा नीट जुळल्या असतील तर २४ ते ४८ तासांत वरून सांधा बंद होतो. स्राव नाही म्हणजे मध पातळ होत नाही, आणि मध पातळ झाला नाही तर एन्झाइम कामाला लागत नाही. ज्या जंतूंमुळे सहाव्या-सातव्या दिवशी पू होतो ते बहुतेकदा शस्त्रक्रिया चालू असतानाच आत शिरलेले असतात: चरबीच्या थरात, आतल्या टाक्याच्या दोऱ्याभोवती, साचलेल्या रक्ताच्या गाठीत. कातडीवरचा मध तिथवर उतरत नाही. आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी, असा तो प्रकार होतो. उलट मुंबईच्या जुलैतल्या हवेत, पोटाच्या घडीखाली, घामट कातडीवर मधाचा थर बसला की तो ओलावा खेचून धरतो. कातडी पांढरी पडते, भिजल्यासारखी होते आणि तिच्यावर जंतूंचंच फावतं. दहा बाय बाराच्या खोलीत जमिनीवर झोपणाऱ्या बाईला मुंग्यांचा त्रास होतो तो आणखी वेगळा.

पुरावाही याच दिशेला बोट दाखवतो. अनेक चाचण्या एकत्र तपासणाऱ्या कॉक्रन आढाव्यात, २०१५ च्या, मधावरच्या २६ चाचण्या आणि ३,०११ रुग्ण होते. भाजलेल्या, पण खोलवर न गेलेल्या जखमा मधाने नेहमीच्या ड्रेसिंगपेक्षा चार-पाच दिवस लवकर भरल्या, हा त्यातला सर्वांत भक्कम निष्कर्ष. शस्त्रक्रियेनंतर पू झालेल्या जखमाही स्पिरिट-आयोडिन आणि गॉजपेक्षा लवकर भरल्या. हा दुसरा निष्कर्ष आमच्या बाजूचा असला तरी तो कशावर उभा आहे तेही सांगितलं पाहिजे: सिझेरियन किंवा गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियेनंतर पू झालेल्या अवघ्या ५० बायकांवर, १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एकाच चाचणीवर. पायाच्या शिरांमुळे होणाऱ्या जुनाट जखमांवर न्यूझीलंडमध्ये ३६८ रुग्णांची मोठी चाचणी झाली, २००८ मध्ये तिचे निष्कर्ष आले. तिथे मधाने फायदा दिसला नाही आणि दुखण्यासारख्या तक्रारी वाढल्या.

आणि जिथे संसर्ग होण्याआधीच तो टाळण्यासाठी मध लावून पाहिला, तिथे काय झालं? पोटातून डायलिसिस घेणाऱ्या ३७१ रुग्णांवर ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडमध्ये चाचणी झाली, २०१४ मध्ये निष्कर्ष आले. नळी जिथून बाहेर येते तिथे रोज औषधी मध लावला. नेहमीच्या काळजीपेक्षा संसर्ग उशिरा झाला नाही; मधुमेह असलेल्यांत तर मधाच्या गटात संसर्ग जास्त झाले. आपल्याकडे शस्त्रक्रियेच्या टेबलावर येणाऱ्यांत मधुमेही किती असतात हे वेगळं सांगायला नको. सिझेरियनच्या टाक्यांवर खास तयार केलेला मध वापरून संसर्ग कमी झाल्याचा एक अनुभव इंग्लंडमधून आला आहे, पण त्यात तुलना होती ती आधीच्या काळातल्या आकड्यांशी. नवीन काही सुरू केलं की त्या वॉर्डात हात जास्त धुतले जातात, पट्ट्या वेळेवर बदलतात, सगळेच सावध होतात. त्यातून मधाचा वाटा वेगळा काढता येत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१६ च्या मार्गदर्शक सूचनांत तर शिवून बंद केलेल्या जखमेवर साध्या पट्टीऐवजी चांदीची, हायड्रोकोलॉइडची वगैरे महागडी ड्रेसिंग संसर्ग टाळण्यासाठी वापरू नयेत, असंच सुचवलं आहे.

मधाच्या विरोधात बोलतोय असं कुणाला वाटेल म्हणून सोलापूरची आठवण काढायलाच हवी. १९९१ मध्ये ब्रिटिश जर्नल ऑफ सर्जरीत सोलापूरच्या डॉ. वैशंपायन स्मारक वैद्यकीय महाविद्यालयातल्या एम. सुब्रह्मण्यम यांचा निबंध आला. भाजलेले १०४ रुग्ण, निम्म्यांना मध, निम्म्यांना सिल्व्हर सल्फाडायझिनचं मलम. सात दिवसांत मधाच्या गटातल्या ९१ टक्के जखमा जंतुमुक्त झाल्या, मलमाच्या गटातल्या ७ टक्के. फरक इतका प्रचंड आहे की आजच्या काटेकोर पद्धतीने तो पुन्हा तपासून घ्यावासा वाटतो, आणि कोणत्या जखमेवर काय लावलंय हे अशा चाचणीत लपवताही येत नाही. तरीही जगभरच्या मधविषयक लेखनात हे काम आजही उद्धृत होतं. सुश्रुताने जखमेला मध-तूप सांगितलं याचा अभिमान आपण सांगतो, तसा सोलापूरच्या सरकारी वॉर्डात झालेल्या या कामाचाही सांगावा. मात्र भाजलेली जखम उघडी असते, पाझरत असते. तिच्यावरचं यश शिवलेल्या टाक्यांच्या खात्यावर जमा करता येणार नाही.

मग पू टाळायचा कुठे? ऑपरेशन थिएटरात, आणि त्याच्या आदल्या तासाभरात. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत शस्त्रक्रिया झालेल्या शंभरांतल्या अकरा जणांना संसर्ग होतो. तो कमी करणाऱ्या गोष्टी स्वस्त आहेत आणि म्हणूनच त्यांचा विक्रेता कुणी नाही. आदल्या रात्री ब्लेडने केस काढले की कातडीवर न दिसणारे काप पडतात आणि सकाळपर्यंत त्यात जंतू वस्ती करतात. केस काढायचेच तर क्लिपरने, शस्त्रक्रियेच्या अगदी आधी. प्रतिजैविक, बहुतेक ठिकाणी सेफॅझोलिन २ ग्रॅम, कापण्याआधी तासाभरात शिरेतून गेलं पाहिजे. सिझेरियनमध्येही कापण्याआधीच, नाळ कापेपर्यंत थांबून नव्हे. शस्त्रक्रिया चार तासांपुढे गेली तर दुसरा डोस. आणि शस्त्रक्रिया संपली की प्रतिजैविकही संपलं. पाच-सात दिवस इंजेक्शन चालू ठेवण्याची जी सवय आपल्याकडे अंगवळणी पडली आहे, तिने टाके जास्त सुरक्षित होत नाहीत. वॉर्डातले जंतू मात्र औषधाला दाद देईनासे होतात. कातडीला लावलेलं स्पिरिटयुक्त क्लोरहेक्सिडीन आपोआप सुकू द्यायचं, तीन मिनिटं. घाईत ओल्यावरच कापड अंथरलं की त्याचा परिणाम कमी होतो आणि कॉटरीच्या, म्हणजे विजेने रक्तस्राव थांबवणाऱ्या उपकरणाच्या, ठिणगीने पेट घेण्याची भीती असते ती वेगळीच.

हातमोज्यांचं उदाहरण तर प्रत्येक खरेदी समितीने भिंतीवर लावावं. भारतासह सात देशांत १३,३०१ रुग्णांवर एक चाचणी झाली, तिचे निष्कर्ष २०२२ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आले. पोटाची शस्त्रक्रिया झाल्यावर, पोट शिवायच्या आधी संपूर्ण चमूने हातमोजे बदलायचे आणि शिवण्यासाठी वेगळी निर्जंतुक हत्यारं घ्यायची, बस. संसर्ग १८.९ टक्क्यांवरून १६ टक्क्यांवर आला. म्हणजे साधारण ३५ रुग्णांमागे एकाचा पू वाचला. याच देशांत त्याआधी ५,७८८ रुग्णांवर जंतुनाशक लावलेला महागडा दोरा आणि साधा दोरा यांची तुलना झाली होती, तिथे फरक दिसला नाही. आपल्या पैशाने काय घ्यायचं याचं उत्तर असं, आपल्यासारख्या रुग्णालयांत तपासूनच मिळतं.

एवढं सगळं करूनही काही जखमा उसवणारच. मधाचा खरा मान तिथे आहे, आणि तिथेच तो आज पोचत नाही. सातव्या दिवशी बाई परत येते: टाक्यांची एक बाजू लाल, गरम, दाबलं की पिवळट पाणी. दोन टाके काढले की आत पोकळी. मग रोज सकाळी ड्रेसिंग: पोव्हिडोन आयोडिनमध्ये भिजवलेलं गॉज आत कोंबायचं, दुसऱ्या दिवशी ते सुकून चिकटलेलं असतं, ओढून काढताना नवं आलेलं लाल मांसही सोबत निघतं आणि बाईच्या डोळ्यांत पाणी येतं. दोन-दोन, तीन-तीन आठवडे हे चालतं. टिटवाळ्याहून किंवा नालासोपाऱ्याहून लोकलने, बाळ घरी ठेवून किंवा सोबत घेऊन. मध लावलेलं ड्रेसिंग चिकटत नाही, सडकं मांस स्वतःच सुटं करतं, वास घालवतं आणि स्राव ओसरला की दररोज बदलावं लागत नाही. या बाईसाठी हे चार फायदे म्हणजे अर्धं आजारपण कमी.

ते नीट करायचं कसं, यात मात्र बारकावे आहेत. आधी जखम सलाइनने धुवायची आणि मगच पुवाचा नमुना घ्यायचा, तळातून. वरवरचा पू पुसून पाठवला तर कातडीवरचे नेहमीचे जंतू उगवतात आणि भलतंच औषध सुरू होतं. पोकळी किती खोल आहे ते निर्जंतुक प्रोबने, म्हणजे बारीक सळीने, पाहायचं आणि लांबी, रुंदी, खोली केसपेपरवर लिहायची. फेशिया, म्हणजे पोटाचा आतला मजबूत पडदा, शाबूत आहे याची खात्री झाल्याशिवाय मधाचं झाकण उघडायचं नाही. मध जखमेवर ओतण्यापेक्षा ड्रेसिंगवर घ्यावा, ओतलेला घरंगळून जातो. दहा सेंटिमीटर चौरसाच्या गॉजला साधारण २० मिलिलिटर, म्हणजे २५ ते ३० ग्रॅम मध लागतो. हे प्रमाण पाहून अनेकांचा हात आखडतो आणि पातळसा लेप लावला जातो. मग स्राव दोन तासांत तो धुऊन नेतो आणि ‘मधाने काही होत नाही’ असा शेरा पडतो. पोकळी असेल तर ती मधाच्या गॉजने भरायची, ठासायची नाही. लालीच्या पलीकडे दोनेक सेंटिमीटर जाईल एवढी पट्टी, कडेच्या चांगल्या कातडीला व्हॅसलीनचा किंवा झिंकच्या मलमाचा पातळ थर, आणि वर कापूस भरलेला जाड गॅमजी पॅड. पॅड हलका पडला तर मध नऊवारीपर्यंत पोचतो.

पहिले दोन-तीन दिवस स्राव वाढतो. मध पाणी खेचतो, म्हणून जखम ओथंबल्यासारखी दिसते आणि नातेवाईक ‘पू वाढला’ म्हणून घाबरतात. हे आधीच सांगायला हवं, नाहीतर ते मध्येच उपचार सोडून दुसरीकडे जातात. या दिवसांत ड्रेसिंग दिवसातून एकदा, गरज पडली तर दोनदा बदलावं लागतं. स्राव ओसरला की दोन-तीन दिवसांआड पुरतं. पॅड भिजला तर बदलायचा, कोरडा असेल तर उगाच उघडायचा नाही, एवढा साधा नियम सिस्टरांना पुरतो. आम्लतेमुळे काहींना लावल्यावर झोंबतं. पंधरा-वीस मिनिटांत बहुतेकदा थांबतं. फार झोंबलं तर सलाइनने धुऊन काढायचं, सहन करायला लावायचं नाही. मधमाशीच्या डंखाची किंवा मधाची ॲलर्जी आहे का, हे पहिल्याच दिवशी विचारायचं. मधुमेहींमध्ये जखमेतून रक्तात साखर जाऊन ती भडकते असं सहसा होत नाही, पण मोठी पोकळी असेल तर ग्लुकोमीटर जवळच आहे, वापरावा. एक ट्यूब एकाच रुग्णाची. ट्रॉलीवरच्या एकाच डब्यातून सगळ्यांना मध काढणं म्हणजे एका खाटेवरचे जंतू दुसऱ्या खाटेवर नेण्याची सोय. ट्यूब घट्ट झाली म्हणून ती उकळत्या पाण्यात बुडवू नये, एन्झाइम मरतं. तळहातात धरून ठेवली तरी पुरेशी सैल होते.

मध कुठे लावू नये, हेही सिस्टरांच्या टेबलावर काचेखाली असावं. पाचव्या ते आठव्या दिवशी टाक्यांतून अचानक गुलाबी पाणी भळभळलं तर आतले टाके तुटल्याची ती खूण असू शकते; तिथे सलाइनमध्ये भिजवलेलं निर्जंतुक कापड ठेवून थेट थिएटर. कातडी काळी-जांभळी पडत असेल, दिसणाऱ्या जखमेपेक्षा दुखणं फारच जास्त असेल, बोटाखाली कुरकुर लागत असेल, तर प्रत्येक तास मोलाचा आहे. पित्ताचा किंवा विष्ठेचा स्राव असेल तर दुखणं आत, पित्तमार्गात किंवा आतड्यात आहे. दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेनंतर तीन ते सहा आठवड्यांनी भोकाच्या जागी गाठ येऊन ती फुटत राहिली, नेहमीच्या प्रतिजैविकांना दाद देईना, तर क्षयाच्या जंतूच्या भाऊबंदांचा, म्हणजे मायकोबॅक्टेरियम फॉर्च्युइटम, चेलोनी किंवा ॲब्सेससचा संशय घ्यायचा. हे जंतू येतात पाण्यातून: हत्यारं ग्लुटारल्डिहाइड या जंतुनाशकात बुडवून मग साध्या नळाच्या पाण्यात खळबळली की. तिथे मध लावत बसणं म्हणजे महिने वाया घालवणं. औषध महिनोन् महिने द्यावं लागतं आणि हत्यारं धुण्याची पद्धत बदलावी लागते.

स्वयंपाकघरातला मध तर कुठल्याच जखमेवर नको. त्यात क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनमचे बीजाणू असू शकतात, म्हणूनच वर्षाआतल्या बाळाला तो चाटवायचा नसतो. शिवाय बरणीत मध किती आणि साखरेचा पाक किती, हा प्रश्न आहेच. सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंटने डिसेंबर २०२० मध्ये २२ नमुन्यांचे निष्कर्ष जाहीर केले. सर्व कसोट्यांवर उतरले ते फक्त पाच. तांदळाच्या पाकात ग्लुकोज ऑक्सिडेज नसतं. आयात केलेली मानुकाची बरणीही खाण्यासाठीच असते, तिच्यावर जंतू मारण्याच्या ताकदीचा कितीही मोठा आकडा छापलेला असो. ओळखायची सोपी खूण: लेबलवर अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा (एफएसएसएआयचा) क्रमांक असेल तर तो खायचा मध. जखमेच्या मधावर ‘निर्जंतुक’ हा शब्द, निर्जंतुकीकरणाची पद्धत, बॅच क्रमांक आणि वैद्यकीय उपकरण किंवा औषध म्हणून मिळालेल्या परवान्याचा क्रमांक हवा. १ एप्रिल २०२० पासून सगळी वैद्यकीय उपकरणं औषध कायद्याखाली आली आहेत, तेव्हा हे मागण्याचा हक्क खरेदीदाराला आहे.

मध उकळून निर्जंतुक करता येत नाही, कारण उष्णतेने एन्झाइमच नष्ट होतं. त्याला गॅमा किरण लागतात, २५ किलोग्रे इतक्या मात्रेचे. बीजाणू मरतात, एन्झाइम बरंचसं टिकतं. ही सोय आपल्याला परदेशात शोधायची गरज नाही. ट्रॉम्बेला १९७४ मध्ये सुरू झालेलं आयसोमेड केंद्र वैद्यकीय वस्तूंना नेमकी हीच मात्रा देण्यासाठी उभारलं गेलं. पुण्यात केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था आहे. महाबळेश्वरजवळचं मांघर २०२२ मध्ये देशातलं पहिलं मधाचं गाव म्हणून जाहीर झालं, तिथल्या सातेरी माशीच्या मधाला पर्यटकाच्या पिशवीपलीकडेही बाजार मिळायला हवा. जांभळाचा, हिरड्याचा, कारवीचा मध कस्तुरीसारखा दुर्मिळ म्हणून विकण्यापेक्षा त्याची जंतू मारण्याची ताकद बॅचनिहाय मोजून का पाहू नये? ती मोजणं अवघड नाही: स्टॅफिलोकॉकस ऑरियस हा जंतू पसरलेल्या अगारमध्ये, म्हणजे जंतू वाढवायच्या जेलीत, खळगा करून मध भरायचा आणि भोवती जंतू न उगवलेलं कडं फिनॉल या जंतुनाशकाच्या कड्याशी ताडून पाहायचं. अडचण दुसरीकडे येईल. सह्याद्रीतल्या दमट हवेत पोळ्यात मध पुरता आटत नाही, त्यात पाणी जास्त राहतं आणि तो आंबतो. म्हणून पोळ्यातली घरं माश्यांनी मेणाने झाकल्यावरच मध काढणं आणि रिफ्रॅक्टोमीटरने पाणी तपासून घेणं हे मधपाळाला शिकवावं लागेल, आणि त्या मेहनतीचा भावही द्यावा लागेल.

महापालिकेने निविदा काढावी तर तिच्यात अटी नेमक्या असाव्यात: पाणी १८ टक्क्यांच्या आत, गॅमा मात्रेचं प्रमाणपत्र, प्रत्येक बॅचची जंतुनाशक ताकद आकड्यात, प्रतिजैविक आणि कीटकनाशकांच्या अंशाची तपासणी, १५ ते ३० ग्रॅमच्या एकरुग्णी ट्यूब. नुसतं ‘मध, निर्जंतुक’ लिहून सर्वांत कमी दर स्वीकारला तर पाकच येईल. आणि ट्यूब आल्या की त्या वॉर्डाच्या कपाटात कुलूपबंद न ठेवता महापालिकेच्या वस्तीतल्या ‘आपला दवाखान्या’पर्यंत, आरोग्य केंद्रापर्यंत गेल्या पाहिजेत. दोन दिवसांआड बदलायचं ड्रेसिंग घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर झालं तरच त्या बाईची लोकल वाचते.

शिवलेल्या टाक्यांवर मधाचा काहीच उपयोग नाही, असा शेवटचा शब्द आम्ही म्हणणार नाही. कातडी बंद करण्याआधी, जखम अजून ओली असताना निर्जंतुक मधाचा एक थर दिला तर काय होतं, हा प्रश्न रास्त आहे आणि मुंबईइतकी त्याची चाचणी घेण्याची सोय क्वचितच कुठे असेल. समजा, सिझेरियननंतर संसर्ग १० टक्के आहे आणि मधाने तो ७ टक्क्यांवर येईल अशी आशा आहे. हा फरक खात्रीने दिसायला दोन गटांत मिळून सुमारे २,७०० बायका लागतील, मध्येच सुटणाऱ्या धरून ३,०००. केईएम, सायन, नायर आणि कूपर ही महापालिकेची रुग्णालयं मिळून ही संख्या उभी करू शकतात. गट चिठ्ठीने ठरवायचा, नीतिसमितीची परवानगी आणि चाचणीची आधी नोंदणी, मधुमेही बायकांचा हिशेब वेगळा, आणि जखम तपासणाऱ्याला ती बाई कोणत्या गटातली ते माहीत नसावं.

पण त्याआधी एक गोष्ट लागेल जी मधाहून स्वस्त आहे. संसर्ग मोजायचा तो तीस दिवसांपर्यंत, आणि बहुतेक बायकांना पू होतो तो घरी गेल्यावर. ती दिव्याच्या किंवा मानखुर्दच्या गल्लीतल्या डॉक्टरकडे जाते, तिथे टाका मोकळा होतो, आणि रुग्णालयाच्या वहीत ती बरी झालेलीच राहते. तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या आणि तिसाव्या दिवशी तिला मराठीत किंवा हिंदीत फोन करून पाचच गोष्टी विचारायच्या: ताप आला का, टाक्यांतून पाणी येतं का, लाली पसरते का, दुखणं वाढलं का, कुणी टाका उघडला का. एका जरी प्रश्नाचं उत्तर ‘हो’ आलं तर आरोग्य स्वयंसेविकेने दुसऱ्या दिवशी घरी जाऊन जखम पाहायची. हे फोन करायला एक परिचारिका, एक वही आणि एक मोबाइल लागतो, आणि त्याची सुरुवात पुढच्या सोमवारीही करता येईल.